तोंड पाहिल्याशिवाय लाईन नाही

परवा जळगावात वादळ झालं. ज्येष्ठातलं, आमच्या खान्देशाच्या चांगल्या ओळखीचं. सकाळपासून वारा असा बंद, की दारातल्या कडुनिंबाचं एक पान हलेना. दुपार कलायला लागली तसं सातपुड्याच्या अंगाला आभाळ आधी पिवळं झालं, मग तांबूस, मग काळंभोर, आणि दार लोटून कोणी आडदांड पाहुणा घरात शिरावा तसा वारा शिरला. पत्रे वाजले, गच्चीवरच्या कुरडया शेजारच्यांच्या गच्चीवर गेल्या, कोणाची तरी बादली रस्त्याने गडगडत निघाली आणि लाईट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. सगळी गल्ली गॅलरीत आली. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "चार थेंब पडले की यांची लाईट जाते. झोपा काढतात नुसत्या." बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिला माहीत आहे, या विषयावर मी तोंड उघडलं की गल्लीची संध्याकाळ संपली. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला नाही. लाईट गेली की लोकांना एकच प्रश्न पडतो, कधी येणार. मला दुसराच पडतो. आत्ता वर, खांबावर, कोण असेल? ही खोड मला हनीफने लावली आणि ती आता जायची नाही.

एरवी वादळ शमलं की त्याचा फोन यायचा. तो धुळ्यात, मी जळगावात, दोघेही वीज मंडळातून निवृत्त. हॅलो नाही, काही नाही. "महाजन, तथा वर कोन शे?" मी म्हणायचो, मला काय विचारतोस, मी घरात कैरीचं पन्हं पीत बसलोय. मग तो त्याच्या धुळ्याच्या वादळाचं वर्णन करायचा, आणि त्याचं वादळ नेहमी माझ्या वादळापेक्षा मोठं असायचं. परवा फोन वाजला नाही. हनीफ गेल्या हिवाळ्यात वारला. वादळ ओसरून गेलं, मातीचा वास आला, आणि मी उगाचच फोन हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

आता इथून पुढे मी रडगाणं लावीन असं कोणाला वाटत असेल तर तसं होणार नाही. रडून झालंय. हनीफबद्दल बोलायचं तर छाती काढून बोलायला पाहिजे, आणि मी तेच करणार आहे. त्याच्या जिवंतपणी त्याची एवढी स्तुती केली असती तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. आता तो अडवायला नाही, त्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

आमचा धंदा समजून घ्या म्हणजे बाकी सगळं समजेल. रावेर तालुक्यात केळीच्या बागांच्या मधोमध एक सबस्टेशन आहे. तारांचं जाळं, खाली खडी, एक लांबट खोली, खोलीला गजांची खिडकी. त्या खोलीत मी ऑपरेटर. कोणत्या गावाची लाईन चालू, कोणत्या गावाची बंद, हे माझ्या हातात. हनीफ बाहेर, लाईनमनच्या गँगचा म्होरक्या. तार तुटली की तो खांबावर चढणार. चढायच्या आधी तो माझ्याकडे येणार, मी लाईन बंद करणार, त्याला कागद देणार. त्याला परमिट म्हणतात. काम संपलं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं, मग मी लाईन सोडायची. म्हणजे हनीफ वर असेपर्यंत त्याचा जीव माझ्या बोटात. नवऱ्या-बायकोतसुद्धा इतका विश्वास लागत नाही, असं तो म्हणायचा, आणि वर म्हणायचा की बायकोला हे सांगू नकोस.

तो मूळचा दोंडाईचाचा. घरात उर्दू मिश्रित हिंदी, साहेबांशी मराठी, आणि बाकी सगळ्या जगाशी अस्सल अहिराणी. मी पूर्वेकडचा, रावेरचा. आमची बोली वेगळी. पहिले काही दिवस तो मला आणि मी त्याला चिडवण्यातच गेले. बदली होऊन आला त्याच दिवशी खिडकीशी येऊन त्याने मला विचारलं, "महाजन, फोनवर मना आवाज ऊना, का काम झालं, लाईन दे, तर तू काय करशी?"

मी म्हटलं, "लाईन देईन. दुसरं काय करणार?"

"नही देवानी. आवाज कोनाबी काढस. मनं तोंड देखाशिवाय लाईन देवानी नही."

"आणि खरंच तूच बोलत असशील तर?"

"मी सोता बोलू तरीबी नही."

मला वाटलं, माणूस जरा तऱ्हेवाईक आहे. मग चहा पिताना त्याने कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, ते उस्ताद असेच खांबावर होते. खालून कोणीतरी त्यांच्या नावाने फोन केला की काम झालं, आणि लाईन सुटली. ते उतरलेच नव्हते. हनीफ शेजारच्या खांबावर होता. चहा दोघांचाही तसाच राहिला.

मी त्याला हो म्हटलं, आणि तेव्हापासून आमच्या सबस्टेशनात एक रीत पडली. काम झालं की हनीफ एकटा यायचा नाही. सगळी गँग घेऊन यायचा, गजांच्या खिडकीसमोर एकेकाला उभा करायचा. मी तोंड बघायचो, नाव घ्यायचो, मग पुढचा. सगळे दिसले की लाईन. लोकांना ही मोठी करमणूक झाली होती. "आज किती मुली पाहिल्या महाजनभाऊ, एखादी पसंत पडली का?" असं येणारा-जाणारा विचारायचा. गँगमधल्या एकाने एकदा खरोखर डोक्यावर रुमालाचा पदर घेऊन तोंड दाखवलं. हनीफ हसून लोटपोट झाला, पण हसून झाल्यावर त्याने त्याला पुन्हा रांगेत उभं करून नीट तोंड दाखवायला लावलं.

उन्हाळा आला की मला ती खडी आठवते. चप्पल घालूनही पाय भाजायचे. ट्रान्सफॉर्मरची अखंड घूं, त्याच्या तापलेल्या तेलाचा वास, आणि भर दुपारी त्या लोखंडी सांगाड्यावर येऊन बसणारा एक निर्लज्ज कावळा. हनीफ खोलीत आला की खुर्चीवर बसायचा नाही, फरशीवर पाय पसरायचा. खिशातून कैरी काढायचा, मीठ माझ्या डब्यातलं. केळीच्या राज्यात राहून त्याला केळ्याचा वासही सहन व्हायचा नाही. आणि लोक तर कृतज्ञतेने दुसरं काही देतच नाहीत. ज्याची लाईन जोडली तो घड आणून ठेवणार. हनीफ दोन्ही हातांनी घड घ्यायचा, डोळ्यांत पाणी येईल इतके आभार मानायचा आणि वळून तो माझ्या सायकलला बांधायचा. माझी मुलं त्याच्या पुण्याईवर वाढली असं म्हणायला हरकत नाही.

खांबांना तो नावं द्यायचा. नाल्याजवळचा लंगडा, मशिदीमागचा मौलाना, माझ्या थोरल्या भावाच्या, नानांच्या बागेतला पाटील, कारण तो कायम अकडून उभा. बंद लाईनीवरही काम सुरू करण्याआधी तो तार जमिनीला जोडून घ्यायचा, म्हणजे चुकून कुठून वीज आली तरी ती माणसाऐवजी जमिनीत जावी. लोक म्हणायचे, हनीफभाई मेलेल्या सापालाही काठी मारतो. तो म्हणायचा, मेलेला आहे हे तुम्हाला सापाने सांगितलं का?

आता ते मोठ्या वादळाचं वर्ष. बागा अशा लागल्या होत्या की बघत राहावं. घड कंबरेपर्यंत लोंबलेले, कापणी तोंडावर आलेली, रावेरच्या रस्त्यावर ट्रक लागायला सुरुवात झालेली. आणि असंच एका उतरत्या दुपारी वादळ आलं. मी बरीच वादळं पाहिली, पण ते वेगळं होतं. खोलीच्या खिडकीतून मला समोरची बाग दिसायची. वारा सुटला, धूळ उठली, आणि धूळ बसली तेव्हा बाग दिसत नव्हती. अर्ध्याहून जास्त केळी एका कुशीवर झोपलेली. मधून मधून उभी राहिलेली झाडं, पानांच्या चिंध्या झालेल्या. खांब तर मोडलेच होते, कुठे वाकले, कुठे तारांसकट नाल्यात गेले. त्यानंतर गारवा यायला हवा होता. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ कोरडं ठणठणीत आणि ऊन असं, की वादळ बरं होतं म्हणावं.

केळीचं एक आहे. पडलेलं झाड गेलंच. पण उभं राहिलेलं झाड त्या उन्हात पाण्याशिवाय फार दम धरत नाही. घड भरलेला असतो, पानं फाटलेली असतात, मुळं हललेली असतात. पाणी विहिरीत आहे, पंप विहिरीवर आहे, आणि लाईन नाही. वाचलेली अर्धी बाग डोळ्यांसमोर करपताना बघायची. वडील गेल्यावर मला ज्यांनी वाढवलं, शिकवलं, ते नाना रोज सबस्टेशनच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. नुसते उभे राहून परत जायचे.

हनीफच्या गँगने ते दिवस कसे काढले, ते मी खिडकीतून पाहिलं. खांब ट्रॅक्टरवरून यायचे. गावंच्या गावं दोर ओढायला लागली. ज्या दोन भावक्यांत बोलणं नव्हतं, त्या एकाच दोराला. बायका ताकाची भांडी घेऊन बांधाबांधाने फिरत होत्या. तार उन्हाने अशी तापायची की हातमोज्यातून चटका बसावा. माणसं डोक्यावर ओला रुमाल टाकून चढायची आणि रुमाल वरच वाळायचा. संध्याकाळी रांगेत तोंड दाखवायला आली की एकेकाचं तोंड ओळखू यायचं नाही, ओठांना भेगा, डोळे लाल. हनीफचा आवाज पार बसला होता. मी त्याला म्हटलं, एक दिवस घरी पड. तो म्हणाला, "बठ्ठासना पंप वाजू दे, मंग पडस." बठ्ठासना म्हणजे सगळ्यांचा.

शेवटच्या दिवशी दुपारी फाटकाशी सगळा शिवार जमला होता. आज लाईन येणार हे सगळ्यांना कळलेलं. नाना सगळ्यांत पुढे. खोलीतला फोन वाजला आणि मी तो उचलला. आवाज फाटलेला, पण शंकाच नाही, हनीफ होता.

"महाजन, काम झालं. बठ्ठा खाले उतरनात. लाईन दे."

मी म्हटलं, "ये मग."

"आमनी गाडी पंक्चर शे. येवाले भलता टाईम लागी. आठे लोके रडी ऱ्हायनात. दे लाईन."

"तोंड दाखव."

मग त्याने मला अहिराणीत, हिंदीत आणि मराठीत, या क्रमाने, शिव्या दिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हटलं, "झालं? आता ये." आणि फोन ठेवला.

फोनमधला आवाज खिडकीबाहेर गेला होता. फाटक ढकललं गेलं. खिडकीशी नाना. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. "अरे, तो सोता सांगून राह्यला नं," ते म्हणाले. "आता अजून कोनाचं तोंड पाह्यचं आहे तुले?"

"नाना, तो आला की देतो."

"माही केळी उभ्या उभ्या जळून राह्यली. तुले दिसत नाही?"

"दिसतेय."

"मी तुले लहानाचा मोठा केला. आजवर काही मागलं का तुले?"

मागितलं नव्हतं. कधीच काही मागितलं नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो, ज्या पॅनलवरून लाईन सोडायची त्याला पाठ लावून उभा राहिलो आणि हात मागे बांधले, कारण माझाच हात माझं ऐकेल की नाही याची मला खात्री नव्हती. मला सारखं वाटत होतं, काम झालेलं आहे, हनीफ खोटं बोलणार नाही, आणि माझ्या हट्टापायी शंभर घरांची वाचलेली बाग जाणार. तरी मी हललो नाही. शहाणपण म्हणून नव्हे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी स्वतः बोललो तरी नाही, आणि मी हो म्हटलं होतं. एवढंच.

तिकडे काय झालं, ते मला नंतर कळलं. हनीफ माझ्यावर भडकलेला. त्याने कोणाचा तरी ट्रॅक्टर थांबवला आणि ओरडला, चला रे, त्या महाजनाला तोंडं दाखवायला. एकेक माणूस ट्रॉलीत चढला. चढताना हनीफने सवयीने नावं घेतली. सुपडूचं नाव घेतलं तेव्हा कोणी ओ दिली नाही.

सुपडू आमच्याच गावचा. कामाला वाघ, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तक्रार असलेला माणूस. ऊन जास्त, चहा कमी, दोर आखूड, साहेब लांब. कोणी म्हणालं, पाणी प्यायला गेला असेल. हनीफने स्वतःच्या डोळ्यांनी त्याला खांबावरून उतरताना पाहिलं होतं. तरी तो नाल्यापलीकडे पळत गेला. केळीच्या आड, शेवटच्या खांबावर, सुपडू वर बसला होता. खाली उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली पकड वरच्या पट्टीला लटकत राहिली. नवी पकड होती, तिचे लाड चालले होते. दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून तो कोणाला न सांगता पुन्हा चढला. आणि चढल्यावर वर जरा वारा लागला, म्हणून तारेवर हात टेकून तो निवांत बसला होता. काम संपलं म्हणून हनीफने तार जमिनीला जोडलेली सोडवून टाकली होती. मध्ये काहीच उरलं नव्हतं. होतो तो फक्त मी, पॅनलला पाठ लावून.

ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा लोक बाजूला झाले. सगळ्यांना वाटलं, आता हनीफभाई महाजनाची गचांडी धरणार. तो उतरला, खिडकीशी आला आणि गजांना तोंड लावून उभा राहिला. धुळीने पांढरं झालेलं तोंड, त्यावर डोळ्यांतून गालापर्यंत आलेले दोन काळे ओघळ. म्हणाला, "देख." मग सुपडूच्या दंडाला धरून त्याला पुढे ओढलं. "तू मनं ऐकं नही, म्हनीसन हाऊ जित्ता शे."

आणि मग त्याने जे केलं त्यासाठी मी त्याला आजही सलाम करतो. त्याला हे माझ्या कानात सांगता आलं असतं. कोणालाही कळलं नसतं. तो वळला आणि त्या सगळ्या जमावाला, सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत, बसलेल्या आवाजात त्याने सांगितलं, "फोन मीच केला होता. सगळे उतरले असं मीच म्हणालो होतो. हा वरच होता. महाजनाने माझं ऐकलं असतं तर आत्ता याची मयत उचलायची होती. माझी चूक. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

कोणी शिवी दिली नाही. नाना पुढे झाले. त्यांनी आपल्या खांद्यावरचा रुमाल काढला, फाटकाजवळच्या माठातल्या पाण्यात बुडवला आणि हनीफचं तोंड स्वतःच्या हाताने पुसलं. घरातल्या पोराचं पुसावं तसं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता तरी देतो का लाईन?"

मी म्हटलं, "बाकीची तोंडं राहिलीत." आणि त्या सगळ्या जमावासमोर एकेकाने येऊन तोंड दाखवलं. या वेळी कोणी मुलगी पाहण्याचा विनोद केला नाही. शेवटचा सुपडू. मग मी लाईन सोडली. ट्रान्सफॉर्मरची घूं सुरू झाली आणि काही क्षणांनी लांबून, एका विहिरीवरून, मग दुसऱ्या, मग चहूकडून पंपांचा आवाज यायला लागला. लोक धावत सुटले, चपला हातात घेऊन, आपापल्या बांधाकडे. मी बाहेर आलो तेव्हा फाटकाशी हनीफ एकटा जमिनीवर बसला होता आणि ऐकत होता. "हाई पाटीलना पंप," तो म्हणाला. नानांचा पंप त्याला आवाजावरून कळत होता. बाग वाचली. सगळी नाही, पण वाचली.

एवढ्यावर कोणी सुटकेचा निःश्वास टाकून विषय संपवला असता. हनीफने पुढे काय केलं ऐका. बढती मिळून तो धुळ्याला गेला, नव्या भरतीच्या पोरांना काम शिकवायला लागला, आणि प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायला लागला. माझी चूक, माझं गाढवपण, मीच केलेला फोन. मी एकदा तिथे गेलो होतो, मागे बसून ऐकलं. पोरं हसत होती, मग गप्प झाली. मी त्याला नंतर म्हटलं, "स्वतःची एवढी बेइज्जती कशाला करून घेतोस?" तो म्हणाला, "महाजन, दुसऱ्याची चूक सांगितली तर पोरं म्हणतात, तो येडा होता. शिकवणाराच सांगतो मी येडा होतो, तेव्हा ते घाबरतात." माणसं आपल्या चुका जपून पुरतात. यानं आपली खांबावर टांगली, सगळ्यांना दिसेल अशी. त्याच्या गँगमधून जो जो वर चढला तो तो खाली उतरला. अख्ख्या नोकरीत एकही वर राहिला नाही. सांगा, याहून मोठी कमाई कोणाची आहे?

त्याच्या शेवटच्या आजारात मी बसने धुळ्याला जायचो. पारोळ्याच्या पुढे गाडी डुलायला लागली की मी काय काय बोलायचं ते ठरवायचो आणि तिथे गेलो की तोच बोलायचा. सिस्टरला सांगायचा, "हा माझा दोस्त. याने एकदा माझं ऐकलं नाही, फार भला माणूस आहे." ती बिचारी गोंधळून हसायची. त्याच्या जनाज्याला दोन्ही जिल्ह्यांतले लाईनमन आले होते. कब्रस्तानाबाहेर उभ्या त्या गर्दीकडे मी पाहत होतो. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचे केस गेलेले, कोणी नातवाला कडेवर घेऊन आलेला. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी ओरडून सांगावंसं वाटत होतं, बघा, सगळे आहेत.

परवाच्या वादळानंतर दुसऱ्या दिवशी मी रावेरची बस धरली. नानांची बाग थोडक्यात बचावली होती. सबस्टेशनवरून जाताना फाटकाशी घोळका दिसला. ऑपरेटरच्या खुर्चीवर आता एक मुलगी आहे. कोणीतरी पुढारी खिडकीशी फोन नाचवत होता, "घ्या, बोला त्याच्याशी, काम झालंय." ती थंडपणे म्हणाली, "इथे फोनवर लाईन देत नाही. त्यांना येऊन तोंड दाखवू दे." मी बाजूने विचारलं, "हा नियम कोणाचा, ताई?" ती म्हणाली, "माहीत नाही काका, इथे पहिल्यापासून असंच आहे." मी फाटकाबाहेर येऊन थोडा वेळ सावलीत उभा राहिलो. नाव पुसलं जाऊन काम उरणं, हे भाग्य फार थोड्यांना मिळतं.

तिथून सुपडूकडे गेलो. त्याच्या पडवीचे पत्रे उडाले होते. स्वारी या वयात शिडीवर, तोंडात खिळे, आणि खिळे सांभाळत सांभाळत तक्रार चालू. पत्रे आजकाल पातळ येतात, वारा आजकाल उलटा येतो, पोरगा पुण्याला जाऊन बसला. मला बघून उतरला, तरी तक्रार थांबली नाही. जेवायला बसलो. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, वरण-बट्टी केली होती, वांग्याची घोटलेली भाजी. सुपडू म्हणाला, बट्टी कडक झाली. मग म्हणाला, तूप कमी आहे. मग म्हणाला, गेल्या खेपेला वांगी बरी होती.

वहिनींनी पळी पातेल्यात आपटली. "पाहा भाऊ," त्या मला म्हणाल्या, "लगीन झालं तवापासून रोजचं हे असं आहे. इतकी वरसं या मानसानं माहं डोकं खाल्लं. एक दिवस सोडला नाही."

मला हसू फुटलं. इतकं, की घास हातात राहिला आणि डोळे भरून वाहायला लागले. सुपडू बघतच राहिला, वहिनी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांना काय सांगू? त्या दुपारनंतरची इतकी वर्षं, वहिनी. एक दिवस सोडला नाही. मी डोळे पुसले, ताट पुढे केलं आणि म्हटलं, "कडक असू द्या. मला अजून दोन बट्ट्या वाढा, आणि याला बोलू द्या."